प्रोजेक्टरचे चित्र अंधुक का होते? : तपासणीचा क्रम व उपाय

दृक्‌श्राव्य साधनांच्या साहाय्याने पाठ सुगम होतो, हे प्रत्येक प्रशिक्षित शिक्षकास ठाऊक आहे. परंतु साधन वर्गात असणे आणि ते विद्यार्थ्यांस दिसणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. प्रोजेक्टर सुरू होतो, आवाज येतो, भिंतीवर काहीतरी हलतही असते; तथापि मागील रांगेतील मुलास त्यातील अक्षर लागत नसेल, तर त्याच्यापुरता तो पाठ झालाच नाही असे समजले पाहिजे.

ह्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्र अंधुक झाले की देवनागरीतील सारख्या वळणाच्या अक्षरांतील भेद प्रथम नाहीसा होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’ ही अक्षरे एकमेकांत मिसळतात. अनुस्वार तर त्यांच्याही आधी लोपतो व ‘मंद’ हा शब्द ‘मद’ असा दिसू लागतो. शिक्षकास मजकूर आधीच माहीत असतो. म्हणून पुसट अक्षरही त्यास सहज वाचता येते. मोठ्या इयत्तेतील मुले संदर्भावरून शब्द ओळखतात. पहिली-दुसरीतील मूल मात्र अक्षराची ओळख नुकतीच करून घेत असते. त्याला अंदाज बांधण्यास आधार नसतो. म्हणजे ज्यास स्पष्ट चित्राची सर्वांत अधिक गरज, त्याचेच नुकसान सर्वांत अधिक होते, आणि शिक्षकाच्या डोळ्यांना ते जाणवतही नाही.

दुसरे नुकसान शाळेचे. चित्र मंद झाले की ‘दिवा गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. नवा दिवा महाग; सादिलाच्या रकमेत तो बसत नाही. मग यंत्र कपाटात जाते, जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्याची ओळ तेवढी राहते व यथावकाश ते निर्लेखनाच्या यादीत येते. वास्तविक पुष्कळदा दोष दिव्याचा नसून खोलीचा, पडद्याचा, भिंगावरील धुळीचा किंवा चुकीच्या मांडणीचा असतो. यास्तव दोष शोधण्याचा एक निश्चित क्रम शिक्षकांस अवगत असणे आवश्यक आहे. तो क्रम सांगणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

१. प्रोजेक्टरचे प्रकार

शाळांच्या संबंधात तीन प्रकारची यंत्रे विचारात घ्यावी लागतात.

पहिला प्रकार फिल्म व स्लाइड दाखविणाऱ्या जुन्या यंत्राचा. शासनाच्या प्रसिद्धी विभागाच्या गाड्या एके काळी गावोगाव १६ मिलिमीटरच्या फिल्म दाखवीत, त्यांतील यंत्र ह्या जातीचे. त्यात तारेचा दिवा असे आणि त्याचा उजेड विजेच्या दाबावर फार अवलंबून असे. दाब शेकडा १० ने घटला, तर अशा दिव्याचा प्रकाश शेकडा ३० च्या सुमारास घटतो.

दुसरा प्रकार तीन नळ्यांच्या व्हिडिओ प्रोजेक्टरचा. १९८० नंतरच्या दोन दशकांत मोठी सभागृहे, प्रशिक्षण संस्था व व्हिडिओगृहे यांत ही यंत्रे वापरली गेली. जुन्या दूरचित्रवाणी संचात जशी काचेची पिक्चर ट्यूब असे, तशा तीन लहान परंतु अतितेजस्वी नळ्या ह्यात असतात: एक लाल, एक हिरवी व एक निळी. प्रत्येकीपुढे स्वतंत्र भिंग असून तिन्ही चित्रे पडद्यावर एकावर एक पडतात. ह्या यंत्रांचे उत्पादन आता बंद झाले आहे. परंतु एखाद्या संस्थेने आपले जुने यंत्र शाळेस भेट दिल्याने ते आजही शाळेत आढळू शकते.

तिसरा प्रकार आजच्या नेहमीच्या प्रोजेक्टरचा. राज्य शासनाच्या २२ जून २०१५ च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या काळात अनेक गावांनी लोकवर्गणीतून आपल्या शाळेत डिजिटल वर्ग उभे केले. त्या वेळी घेतलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांत उच्च दाबाचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. अलीकडील काही यंत्रांत एलईडी अथवा लेझर असतो. त्यांत दिवा बदलण्याचा प्रश्न सहसा येत नाही. परंतु अंधुकपणाची बाकीची सारी कारणे त्यांनाही लागू आहेत.

२. अंधुकपणा म्हणजे काय?

प्रोजेक्टरला काळा रंग भिंतीवर पाठविता येत नाही. तो फक्त उजेड पाठवू शकतो. जेथे काळे अक्षर दिसावयाचे, तेथे तो उजेड पाठवीत नाही एवढेच. म्हणून भिंतीवरील काळे अक्षर हे खोलीत आधीच असलेल्या उजेडाहून अधिक काळे होऊ शकत नाही. हा एक मुद्दा नीट समजला, की अर्धे काम झाले.

यंत्रातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘ल्यूमेन’मध्ये मोजतात, एक चौरस मीटर पृष्ठावर एक ल्यूमेन प्रकाश सम पसरला, तर तेथील उजेड एक ‘लक्स’ होतो. समजा, यंत्राचा प्रकाश ३००० ल्यूमेन आहे आणि चित्र २ मीटर रुंद व दीड मीटर उंच आहे. क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. म्हणून पडद्यावर १००० लक्स उजेड पडेल. खिडक्या उघड्या असताना त्याच पडद्यावर बाहेरून २५० लक्स उजेड येत आहे असे धरू. मग पांढरा भाग १२५० लक्स व काळा भाग २५० लक्स, म्हणजे पांढरा काळ्याच्या ५ पट. ह्या पटीला आपण ‘तफावत’ म्हणू. अक्षर वाचता येणे हे मुख्यतः ह्या तफावतीवर अवलंबून असते.

आता चार स्थिती ताडून पाहाव्यात :

(अ) दिवा नवा, खिडक्या उघड्या: १२५० भागिले २५०, तफावत ५ पट.
(आ) दिवा जुना होऊन प्रकाश निम्मा, खिडक्या उघड्या: ७५० भागिले २५०, तफावत ३ पट.
(इ) तोच जुना दिवा, पण खिडक्या झाकून बाहेरचा उजेड ५० लक्सवर आणलेला: ५५० भागिले ५०, तफावत ११ पट.
(ई) दिवा नवा व खिडक्याही झाकलेल्या: १०५० भागिले ५०, तफावत २१ पट.

(अ) आणि (इ) ह्यांची तुलना शिक्षकांनी स्वतः करावी. नवा दिवा घेऊन खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या शाळेपेक्षा, जुन्या दिव्यावर काम भागवून खिडक्या झाकणाऱ्या शाळेतील चित्र दुपटीहून अधिक स्पष्ट आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक खोलीत ते निराळे असतील. परंतु त्यांतून निघणारा नियम सर्वत्र खरा आहे: पडद्यावरील परका उजेड कमी करणे हा पहिला उपाय, दिवा बदलणे हा शेवटचा.

३. तपासणीचा क्रम : बाहेरून आत

दोष शोधताना प्रथम खोली, मग पडदा, मग अंतर, मग भिंग, मग मांडणी, मग हवेची वाट व सर्वांत शेवटी दिवा असे बाहेरून आत जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहून मगच पुढे जावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

खोली. पडद्यावर उजेड कोठून येतो, ते प्रथम पाहावे. यंत्र बंद करून पडद्याजवळ उभे राहावे व पाठ पडद्याकडे करावी. जी खिडकी, जाळी, झरोका किंवा छपरातील पारदर्शक पत्रा डोळ्यांस दिसतो, तेथूनच उजेड येत आहे. सर्व खिडक्या झाकण्याची गरज नसते. पडद्यासमोरील व लगतची उजेडाची वाट अडविली तरी मोठा फरक पडतो. घोंगडी, जाड चादर, ताडपत्री, जुन्या फ्लेक्सला लावलेला काळा कागद, यांपैकी जे गावात सहज मिळेल ते चालते. पडदा शक्यतो खिडक्यांच्या काटकोनातील व त्यांपासून दूरच्या भिंतीवर असावा.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सूर्याची स्थिती ऋतूप्रमाणे कशी बदलते, ह्याचाही विचार करावा. सकाळच्या शाळेत पूर्वेची खिडकी त्रास देते. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४७ ते ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत शिरते. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेस असतो. तेव्हा दक्षिणेची खिडकी तितकी बाधक होत नाही. पाठाची वेळ व पडद्याची भिंत ही ह्या हिशेबाने ठरविता येतात.

तथापि अंधार करताना मुलांचा श्वास कोंडू नये. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत सर्व झरोके बंद करून तासभर मुले बसविणे सर्वथा अयोग्य होय. पडद्यापासून दूरची दारे उघडी ठेवावीत, चित्रपाठ पंधरा-वीस मिनिटांत आटोपावा व नंतर खिडक्या उघडून चर्चा घ्यावी.

पडदा. निळसर, गुलाबी किंवा पिवळट रंगाची भिंत प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेते. चित्राएवढा भाग पांढऱ्या, चकाकी नसलेल्या रंगाने रंगविला, तर थोड्या खर्चात उत्तम पडदा तयार होतो. तैलरंग किंवा गुळगुळीत पांढरा फळा वापरल्यास मध्ये एक झगझगीत ठिपका व कडेला अंधार असे दृश्य दिसते. पांढऱ्या सुती कापडातून बराच उजेड पलीकडे निघून जातो; म्हणून ते दुहेरी करावे किंवा भिंतीस चिकटून ताणावे. खडूच्या भुकटीने पडदा धुरकट होतो, हेही विसरू नये.

अंतर व आकार. चित्र जितके मोठे तितके चांगले, हा समज चुकीचा आहे. रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते व तोच प्रकाश चौपट जागेत वाटला जातो. वरील उदाहरणातील चित्र ३ मीटर रुंद केल्यास क्षेत्रफळ पावणेसात चौरस मीटर होऊन उजेड १००० लक्सवरून सुमारे ४४४ लक्सवर येतो. उलट, जुन्याच दिव्यावर ते १.६ मीटर रुंद केले, तर झाकलेल्या खोलीत तफावत ११ पटींवरून सुमारे १७ पटींवर जाते. यास्तव यंत्र पडद्याजवळ सरकवावे व मुलांनाही अर्धवर्तुळात पुढे बसवावे. बहुवर्ग शाळेत लहान इयत्ता पुढे व मोठ्या मागे अशी रचना करावी. यंत्र तिरपे ठेवून मेनूतील सोयीने चित्र चौकोनी करण्याची सवय टाळावी. त्यात चित्राचा काही भाग वाया जातो. यंत्र पडद्याच्या समोर सरळ ठेवणे हे केव्हाही श्रेयस्कर.

भिंग. यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे व विजेरीचा उजेड भिंगावर तिरपा टाकून पाहावे. धूळ, बोटांचे ठसे, पावसाळ्यातील बुरशीचे जाळे, जे असेल ते दिसते. भिंगावरील धुळीने प्रकाश थोडा कमी होतो. परंतु त्याहून मोठा तोटा असा की, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो व काळे अक्षर करडे पडते. काळ्या मातीची धूळ बारीक व चिवट असते, पण तिच्यात कठीण कणही असतात. म्हणून प्रथम रबरी फुंकणीने किंवा मऊ कुंचल्याने ती झाडावी व मगच चष्मा पुसण्याच्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावे. सदऱ्याची बाही, रुमाल, खडू पुसण्याचे कापड, रॉकेल अथवा स्पिरिट यांचा उपयोग कदापि करू नये. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण काचेवर बसतात.

मांडणी. यंत्राच्या मेनूत दिव्याची शक्ती कमी करणारी ‘इको’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर उजेड कमी पडणारच. चित्राच्या पद्धतींपैकी ‘सिनेमा’ ही मंद व ‘प्रेझेंटेशन’ किंवा ‘डायनॅमिक’ ही तेजस्वी असते. ‘ब्राइटनेस’ ह्या शब्दाने पुष्कळ शिक्षकांची दिशाभूल होते. ते बटन वाढविल्याने मुख्यत्वे काळा भाग उजळतो, म्हणजे तफावत घटते व चित्र दुधाळ होते. पांढरा भाग वाढविणारे बटन ‘कॉन्ट्रास्ट’ हे आहे. दोन्ही प्रथम मूळ स्थितीवर आणावीत. शिवाय, पाठाची पृष्ठे तयार करताना पांढऱ्यावर काळे ठळक अक्षर ठेवावे. पिवळ्यावर नारिंगी किंवा निळ्यावर जांभळे अक्षर उत्तम यंत्रावरही दिसत नाही.

हवेची वाट. दिव्याची उष्णता बाहेर नेण्यासाठी यंत्रात पंखा असतो व त्याच्या तोंडाशी बहुधा जाळी किंवा फिल्टर असतो. जाळी धुळीने बुजली की यंत्र तापते. मग काही यंत्रे आपोआप दिवा मंद करतात, काही मध्येच बंद पडतात. सोयाबीन व तुरीच्या मळणीच्या दिवसांत व पुढे उन्हाळ्यात धुळीचे प्रमाण फार असते. त्या काळात दर पंधरवड्यास व एरवी महिन्यास जाळी साफ करावी. यंत्र फळ्यापासून दूर ठेवावे, कारण खडूची भुकटी हीही धूळच होय. पाठ संपताच प्लग उपटू नये. पंखा थांबेपर्यंत वीज चालू ठेवावी. वीज वारंवार जात असेल तेथे छोटा यूपीएस जोडणे हितावह आहे. आजच्या बहुतेक यंत्रांस विजेचा दाब कमीअधिक झाला तरी चालतो. म्हणून अंधुकपणाचा दोष एकदम विजेवर टाकू नये.

दिवा. वरील सर्व पाहून झाल्यावरच दिव्याकडे वळावे. यंत्राच्या मेनूत दिव्याचे तास नोंदलेले असतात. नेहमीच्या दिव्याचे आयुष्य साधारणतः ३००० ते ५००० तासांचे असते व ते संपताना प्रकाश मूळच्या निम्म्याच्या आसपास राहतो. वर्षास २०० दिवस, दररोज एक तास असा वापर धरला, तर ३००० तासांस १५ वर्षे लागतात. म्हणून प्राथमिक शाळेत चार-पाच वर्षांत दिवा जुना झाला असे कोणी सांगितल्यास, प्रथम तासांची नोंद पाहावी. तास भरत आले आहेत, उजेड लुकलुकतो, रंग बदलला आहे, सुरू होण्यास वेळ लागतो, अशी चिन्हे एकत्र दिसली, तर दिवा बदलणे योग्य होय. नवा दिवा बसविल्यावर तासांची नोंद शून्य करून घ्यावी.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. चित्रात पिवळा डाग दिसणे, एकच रंग फिका पडणे किंवा ठराविक कोपरा काळवंडणे हे दोष दिव्याचे नसून यंत्राच्या आतील भागांचे असतात. तेथे दिवा बदलून पैसा वाया घालवू नये; यंत्र तज्ज्ञास दाखवावे.

४. तीन नळ्यांचे जुने यंत्र

ह्या यंत्राचा प्रकाश मुळातच थोडा. संपूर्ण पांढऱ्या पडद्यावर तो दोनशे-तीनशे ल्यूमेनच्या आसपास भरतो. २०० ल्यूमेन धरल्यास आपल्या ३ चौरस मीटर पडद्यावर सुमारे ६७ लक्स पडतात. उघड्या खिडक्यांच्या २५० लक्सपुढे ते जवळजवळ दिसणारच नाहीत. ५ लक्सच्या काळोखात मात्र तफावत १४ पटींवर जाते. म्हणून हे यंत्र ‘बिघडले’ असे म्हणण्यापूर्वी ते रात्री लावून पाहावे. रात्री स्पष्ट दिसले, तर दोष यंत्राचा नव्हे, दिवसाचा आहे.

यंत्र लावल्यावर अर्धा तास तापू द्यावे व मगच परीक्षा करावी. पडद्यावर संपूर्ण पांढरे पृष्ठ आणून पुठ्ठ्याने दोन भिंगे झाकावीत व एकेका रंगाचा उजेड पाहावा. पुठ्ठा काचेस टेकवू नये. तिन्ही रंग सारखेच मंद असतील, तर खोली, पडदा वा मांडणी ह्यांत कारण शोधावे. एकच रंग मंद असेल, तर दोष त्या नळीचा, तिच्या भिंगाचा किंवा दोहोंमधील द्रवाचा असतो. नळी थंड राहावी म्हणून पुष्कळ यंत्रांत तिच्या व भिंगाच्या मध्ये द्रव भरलेला असतो. कालांतराने तो गढूळ होतो किंवा त्यात बुरशी धरते. यंत्र बंद असताना विजेरीने भिंगात पाहिल्यास हे दुधासारखे धुके दिसते. द्रव बदलल्यावर असे यंत्र पुन्हा उजळू शकते. परंतु नळीच्या आतील लेप झिजला असेल, तर त्यास उपाय नाही.

तीन रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत, तरीही अक्षरांच्या कडांना रंगीत झालर येऊन चित्र अंधुक वाटते. तो उजेडाचा दोष नव्हे, जुळणीचा होय. अशा वेळी कॉन्ट्रास्ट वाढविल्यास अक्षर आणखी फुगते व नळी लवकर झिजते.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, ह्या यंत्राचे झाकण शिक्षकाने उघडू नये. नळ्यांस तीस हजार व्होल्टच्या घरात दाब लागतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो भार आत साठून राहू शकतो. आतील जुळणी हे जाणत्या कारागिराचे काम आहे. दिव्याच्या यंत्राबाबतही सावधगिरी हवी. दिवा थंड होण्यास तासभर द्यावा, काचेस उघडे बोट लावू नये. दिवा फुटल्यास मुलांना तत्काळ बाहेर काढून दारे-खिडक्या उघडाव्यात, कारण त्यात पारा असतो. जुना दिवा उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

५. चाचणी-पृष्ठ व नोंद

उजेड वर्षानुवर्षे थोडाथोडा घटत जातो आणि डोळा त्यास सरावतो. म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबू नये. एक चाचणी-पृष्ठ कायमचे तयार ठेवावे. त्यावर ‘घ ध’, ‘भ म’, ‘ब व’, ‘थ य’ ह्या जोड्या व ‘मद मंद’, ‘रग रंग’, ‘वश वंश’ असे शब्द उतरत्या आकाराच्या पाच ओळींत लिहावेत. दर महिन्यास ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अंतरावरून, मागील रांगेतील मुलाकडून ते वाचून घ्यावे. शब्दांचा क्रम दर वेळी बदलावा, म्हणजे पाठांतराने उत्तर येणार नाही. कितव्या ओळीपर्यंत वाचन झाले, दिव्याचे तास किती, जाळी केव्हा साफ केली, एवढे रकाने नोंदवहीत पुरेत. दुरुस्तीसाठी पत्र लिहिताना ही नोंद सोबत जोडल्यास दोष नेमका कळतो व निर्लेखनाचा निर्णयही पुराव्याने घेता येतो.

एखादे मूल इतरांच्या मानाने सतत मागे पडत असेल, तर दोष चित्राचा नसून त्याच्या दृष्टीचा असू शकतो. पालकांस कळवून त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

६. वर्गपाठ : अंतर वाढले की उजेड का घटतो?

इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांस हाच विषय प्रयोगाने शिकविता येतो. साहित्य: मोबाईलची विजेरी, पुठ्ठा, चौकटीचा कागद, मोजपट्टी.

पुठ्ठ्यास मधोमध २ सेंटिमीटर बाजूचे चौरस छिद्र पाडावे. खोलीत अंधार करून पुठ्ठा विजेरीपासून २० सेंटिमीटरवर उभा धरावा. कागद पुठ्ठ्यास लागून धरल्यास उजेडाचा चौरस २ सेंटिमीटर बाजूचा दिसतो. कागद विजेरीपासून ४० सेंटिमीटरवर नेल्यास बाजू ४ सेंटिमीटर व ६० सेंटिमीटरवर नेल्यास ६ सेंटिमीटर होते. क्षेत्रफळे अनुक्रमे ४, १६ व ३६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ : ४ : ९. छिद्रातून येणारा प्रकाश मात्र तेवढाच आहे. तो चौपट व नऊपट जागेत वाटला गेल्यामुळे प्रत्येक चौकटीच्या वाट्यास पाव व एक-नवमांश उजेड येतो, हे मुलांनी स्वतः मोजून काढावे. त्यानंतर त्यांच्याच हातांनी प्रोजेक्टर पुढे-मागे सरकवून चाचणी-पृष्ठ वाचावयास लावावे. गणितातील वर्गसंख्या व विज्ञानातील प्रकाश यांचा मेळ येथे आपोआप बसतो.

सारांश

अंधुक चित्राचे कारण प्रथम खोलीत, मग पडद्यावर, मग अंतरात, भिंगावर, मांडणीत, जाळीत व अखेरीस दिव्यात शोधावे. एका वेळी एकच बदल करावा. यंत्राचे झाकण उघडू नये. आणि चित्र स्पष्ट आहे की नाही, ह्याचा निर्णय मागील रांगेतील मुलाकडून घ्यावा.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गातील पडद्यावर कोणकोणत्या वाटांनी बाहेरचा उजेड येतो, त्याचा कच्चा आराखडा काढा. सकाळी व दुपारी त्यात काय फरक पडतो, ते लिहा.
२. २४०० ल्यूमेनच्या यंत्राचे चित्र २ मीटर रुंद व दीड मीटर उंच आहे. बाहेरचा उजेड २०० लक्स असताना व ४० लक्स असताना तफावत किती येईल? (उत्तरे : ५ पट व २१ पट.)
३. ‘ब्राइटनेस’ वाढविल्याने अक्षर स्पष्ट का होत नाही, हे सहकारी शिक्षकास चार वाक्यांत समजावून सांगा.
४. आपल्या शाळेच्या यंत्राचे चाचणी-पृष्ठ तयार करून तीन महिन्यांच्या नोंदी ठेवा व त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेस मांडा.